रेंज तुमचा पाय खातो

इलेक्ट्रिक गाडी घेतलेला माणूस सहा महिन्यांत दोन गोष्टी बोलायला लागतो. एक म्हणजे पेट्रोलचे किती पैसे वाचले आणि दुसरी म्हणजे रेंजची रड. पैशांचं कौतुक ऐकून घेता येतं. रड मात्र आता डोक्यात जायला लागली आहे. "फसवलं हो कंपनीने, चारशे म्हणाले आणि दोनशेच देते!" हे वाक्य मी आंबीत ऐकतो, वराळ्यात ऐकतो, तळेगाव स्टेशनच्या टपरीवर चहा पिताना ऐकतो. ते बोलणारा गाडी कशी हाणतो हेही मला ठाऊक असतं, कारण आमचा सगळ्यांचा रस्ता एकच आहे. म्हणून तोंडावर सांगतो: कंपनीने फसवलंच असेल, पण बाकीची रेंज तुमच्या उजव्या पायाने खाल्ली आहे.

आधी आमच्या रस्त्यावरच या. तळेगावकडून वराळे, मग इंद्रायणीवरचा पूल, मग आंबी, पुढे एमआयडीसी आणि नवलाख उंबरे. कंपन्यांच्या बसेस, कंटेनर, डी. वाय. पाटील कॉलेजची मुलं दुचाकीवर आणि पायी. या रस्त्यावर इलेक्ट्रिक एसयूव्हीवाला गतिरोधकावरून मागचं चाक उतरतं न उतरतं तोच पॅडल जमिनीला टेकवतो. मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर देते, गाडी उसळते, साहेबांना बरं वाटतं. पुढचा गतिरोधक हाकेच्या अंतरावर असतो, तो त्यांना रोज दिसतो, तरी साठपर्यंत नेऊन तिथे करकचून ब्रेक. माणसांसकट अठराशे किलोच्या गाडीला साठचा वेग द्यायला विजेच्या एका युनिटचा चौदावा हिस्सा लागतो. हळूहळू पाय सोडला तर मोटरच जनित्र होऊन त्यातला बराच भाग बॅटरीत परत टाकते. करकचून दाबला तर ते काम ब्रेकच्या पॅडवर जातं आणि तुमच्या पैशांची वीज पॅड तापवून हवेत जाते. कॉलेजच्या फाटकापासून कंपनीच्या गेटपर्यंत दहा वेळा हा पराक्रम केला की अर्धा युनिट गेला. शांतपणे चालवली असती तर तेवढ्यात गाडी आणखी चार किलोमीटर गेली असती. आणि रस्ता ओलांडणाऱ्या मुलींना अंग चोरून मागे सरावं लागतं ते वेगळंच. त्याचा हिशेब युनिटमध्ये होत नाही, पण माझ्या लेखी तो आधी लागतो.

आता डॅशबोर्डवरच्या त्या आकड्याकडे वळू, ज्याच्यावर सगळ्यांचा राग आहे. तो आकडा काढताना गाडी ढोबळमानाने एवढंच करते: गेल्या काही किलोमीटरांत तुम्ही दर किलोमीटरला किती वीज जाळली ते बघते आणि बॅटरीत उरलेल्या विजेला त्याने भागते. काही गाड्या नकाशातला चढउतारही धरतात, पण मुख्य आधार तुमची अलीकडची सवय हाच असतो. म्हणजे तो आकडा तुम्ही काल-परवा कसे वागलात याची नोंद आहे. एकच मॉडेल, एकच बॅटरी, आणि तरी बायको चालवते तेव्हा ३२० दिसतात आणि नवरा चालवतो तेव्हा २३०. अशी घरं मी पाहिली आहेत. त्या घरातला नवरा सर्व्हिस सेंटरला जाऊन सॉफ्टवेअरमध्ये गडबड आहे म्हणून भांडतो. बायकोला एक शब्द विचारत नाही.

खरी लूट होते ती उर्से टोलनाका ओलांडला की. एक्सप्रेसवेवर मोटारींना सपाटीला १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे. ती पाळणारा माणूस आपल्याकडे बुळा समजला जातो. पण हवेला तुमच्या प्रतिष्ठेशी देणंघेणं नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० ला गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो आणि १२० ला गेलात की सव्वादोनपट. मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक एसयूव्हीचा माझा हिशेब असा: ८० च्या वेगाला शंभर किलोमीटरमागे १३ युनिटच्या आसपास, १०० ला १७, १२० ला २२. बॅटरी ४५ युनिटची असेल तर ८० ला जवळजवळ साडेतीनशे किलोमीटर, १०० ला अडीचशेच्या थोडं वर आणि १२० ला दोनशे. गाडी तीच, बॅटरी तीच, रस्ता तोच. दीडशे किलोमीटर गेले कुठे हे विचारायला ग्राहक आयोगात जायची गरज नाही.

"पेट्रोल गाडीला असं होत नव्हतं," हा पुढचा मुद्दा येतो. होत होतं. दिसत नव्हतं. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिटएवढी ऊर्जा असते. म्हणजे ४५ युनिटची बॅटरी म्हणजे जेमतेम पाच लिटर पेट्रोल. पेट्रोलचं इंजिन दोनतृतीयांशाहून जास्त ऊर्जा उष्णता करून फेकून देत होतं, आणि टाकीत चाळीस लिटर असल्यामुळे तुम्हाला त्याची फिकीर नव्हती. त्या उधळपट्टीत तुमच्या पायाची उधळपट्टी लपून जायची. इलेक्ट्रिक गाडी पाच लिटरच्या शिदोरीवर तुम्हाला अडीचशे-तीनशे किलोमीटर नेते आणि जवळजवळ काहीच वाया घालवत नाही. म्हणून तुम्ही वाया घालवलेला प्रत्येक युनिट तिच्या पडद्यावर लगेच उमटतो. हा तिचा दोष म्हणायचा?

घाटाबद्दल तर इतकं अज्ञान आहे की संताप येतो. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना ४०-५० किलोमीटरची रेंज बघता बघता गळते आणि लोक गाडी बाजूला घेऊन कंपनीला फोन लावतात. अहो, तुम्ही अठराशे किलोचं वजन साडेपाचशे मीटर उचलून वर ठेवताय. त्याला पावणेतीन युनिट लागणार, मोटर आणि वायरिंगमधली घट धरून तीनच्या वर, आणि हे नेहमीच्या चालीच्या खर्चावर. हीच ती उंची, जिच्या जोरावर लोणावळा, वळवण आणि शिरोता तलावांचं पाणी खाली सोडून टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ पासून वीज तयार करतंय. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. शंभरावर वर्षं ज्या उतारातून वीज निघते, तो चढताना वीज लागेल हे मावळात राहणाऱ्या माणसाला कुणी शिकवायला हवं का?

उतरताना नेमकी उलटी फसगत. खंडाळ्याहून खाली येताना मोटर वीज परत भरते, खर्च जवळजवळ शून्यावर येतो, आणि खोपोलीला पोचेपर्यंत पडदा भरघोस रेंज दाखवू लागतो. तो आकडा खरा धरून माणूस पनवेलपर्यंत १२० ने सुटतो आणि मग परतीला चार्जर शोधत फिरतो. त्याहून शहाणे लोणावळ्याच्या बंगल्यावर रात्रभर चार्जिंग लावून बॅटरी १०० टक्के भरतात आणि सकाळी घाट उतरायला लागतात. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज मावत नाही. म्हणून परतभरणी बंद पडते किंवा अगदी कमी होते आणि अख्खा घाट ब्रेक घासत उतरावा लागतो. फुकट मिळणारी वीज गेली, वर ब्रेक तापले. ८५-९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवलं असतं तर परतभरणीला जागा राहिली असती. गाडीत ही मर्यादा घालून ठेवायची सोय असेल तर ती मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते. पण मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समधून बाहेर काढलेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

आता कंपन्यांचं. त्यांना मी सोडणार नाही. जाहिरातीत जो मोठा आकडा असतो तो चाचणीतला असतो. गाडी रोलरवर, एसी बंद, आणि ठरवून दिलेल्या चालीने. पुण्यातच कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे, आणि या चाचण्यांमुळे तिचं नाव घराघरात गेलं आहे. चाचणीचा शहरी भाग ५० च्या वर जात नाही आणि दुसरा भाग ९० च्या वर जात नाही. पूर्वी इलेक्ट्रिक गाड्यांचा आकडा नुसत्या शहरी भागावर छापला जायचा, २०२४ पासून दोन्ही भाग मिळून सांगावा लागतो. चाचणी खोटी नाही, दोन गाड्यांची तुलना करायला ती उपयोगीच आहे. पण तो आकडा होर्डिंगवर टाकून पुणे-गोवा एका चार्जमध्ये असा भास निर्माण करणं हा खोटेपणा आहे. टाटांनीच कर्व्ह ईव्हीच्या ५५ युनिटच्या गाडीला चाचणीतली रेंज ५८५ आणि प्रत्यक्षातली ४०० ते ४२५ असे दोन आकडे दिले. प्रत्यक्षातला आकडा कंपनीला माहीत असतो, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारने एका ग्राहकाच्या तक्रारीवरून नेक्सॉन ईव्हीचं अनुदान थांबवलं होतं. जाहिरातीत ३१२ किलोमीटर, त्याला दोनशेही मिळत नव्हते. उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. त्या सगळ्या गदारोळात गाडी कोणत्या वेगाने चालवली की किती जाते, हा साधा तक्ता ग्राहकाच्या हातात पडायला हवा होता. तो पडला नाही.

शोरूममधल्या पोराला मी तीनदा विचारलं, "१०० ला किती देते?" तो प्रत्येक वेळी सनरूफ उघडून दाखवायला लागला.

पण कंपनीचा खोटेपणा ही तुमच्या बेदरकारपणाची सबब होऊ शकत नाही. "हळू चालवायची तर एवढे पैसे कशाला घातले?" हा प्रश्न मला छातीठोकपणे विचारला जातो. मग वेळेचाच हिशेब करू. एक्सप्रेसवे ९४.५ किलोमीटरचा. घाट वगळून सपाट ८० किलोमीटर धरा. १०० ने ४८ मिनिटं, १२० ने ४०. आठ मिनिटं वाचली. घाटात तर तुम्ही आणि मी एकाच कंटेनरच्या मागे असतो. आणि त्या आठ मिनिटांसाठी बॅटरीचा जो जादा अकरावा हिस्सा उडवलात, तो भरून काढायला फूड मॉलच्या चार्जरवर थांबणं आलं. शनिवारी तिथे पुढे दोन गाड्या असल्या तर तास. घाईने तुम्ही उशिरा पोचता, वर दंडाचं चलन घरी येतं, आणि तरीही चार्जिंगच्या रांगेत शिव्या गाडीला.

ज्यांचं पोट या गाडीवर आहे त्यांच्याकडे बघा. एमआयडीसीत माणसं ने-आण करणारा एक इलेक्ट्रिक कॅबवाला माझ्या ओळखीचा आहे. त्याच्या शेजारी मी बसलो की त्याचा पाय बघत राहतो. वराळ्याचा गतिरोधक दिसायच्या आधीच पाय उचललेला असतो, गाडी स्वतःच मंदावते, ब्रेकला तो पायही लावत नाही म्हणायला हरकत नाही. पुढे कंटेनर वळणार हे त्याला कंटेनरवाल्याच्या आधी कळतं. दर सोमवारी टायरची हवा बघतो, कारण हवा कमी म्हणजे रस्त्याचा विरोध जास्त. पावसात रस्त्यावर पाणी साचलं की वेग आणखी उतरवतो, तेही त्याच कारणाने. "साहेब, मी चार्जिंगला उभा राहिलो की धंदा बसतो," एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्या गाडीत प्रवाशाची मान पुढेमागे होत नाही आणि बाजूने जाणारी मुलं दचकत नाहीत. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेले माझे शेजारी त्याला ओलांडून पुढे जाताना हॉर्न मारतात.

शोरूमवाल्यांकडे माझी मागणी एकच: गाडीच्या काचेवर ८०, १०० आणि १२० या तीन वेगांना, एसी चालू ठेवून, किती किलोमीटर जाते ते मोठ्या अक्षरात लावा. आणि आंबीतल्या माझ्या शेजाऱ्यांना सांगणं असं की रेंजची तक्रार घेऊन माझ्या दारात यायचं असेल तर पडद्यावरचं ट्रिपचं पान उघडा आणि शंभर किलोमीटरमागे किती युनिट जळले त्याचा फोटो काढून आणा. आकडा १३ असेल आणि तरी ४५ युनिटची गाडी दोनशेतच दम टाकत असेल, तर मी स्वतः तुमच्याबरोबर येतो, बॅटरीची तपासणी लेखी मागू, नाही केली तर ग्राहक आयोगात जाऊ, तारखांना मी हजर राहीन. आकडा २२ असेल तर सर्व्हिस सेंटरच्या पोरांचा वेळ खाऊ नका.