वणव्याचे चित्र

दुःख बोलून दाखविल्याने हलके होते, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु कित्येक दुःखे अशी असतात की, ती बोलावयास मोठ्या माणसांसही शब्द सापडत नाहीत. मग मुलांस कोठून सापडावेत? वणवा पाहिलेल्या मुलाचे दुःख या जातीचे होय.

आपल्या खानदेशाच्या उत्तरेस सातपुडा उभा आहे. यावल, चोपडा, शिरपूर या तालुक्यांतील सागाच्या व सालईच्या रानांत पानगळ झाली की, वाळलेल्या पाल्याचा थर साचतो. कोणी मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवितो, कोठे विडीचे थोटूक पडते, आणि वारा सुटला म्हणजे आग रात्रभर डोंगर चढत राहते. वर्तमानपत्रात त्याच्या दोन ओळी येतात व किती हेक्टर जळाले ते कळते. पण त्या डोंगरातून शाळेत येणाऱ्या पावरा, भिल्ल वा तडवी मुलाच्या मनात काय जळाले, ते मोजावयास आपल्यापाशी माप नाही.

असा एखादा मुलगा चित्रकलेच्या तासाला सारा कागद काळा करतो व त्यात एक तांबडा पट्टा ओढतो. आपण विचारतो, “डोंगर कोठे आहे? झाड कोठे आहे?” तो मान खाली घालतो, आणि आपण गुण कापतो. माझ्या मते येथे चुकतो तो शिक्षक. झाडच उरले नाही, तर ते त्याने काढावे कसे?

वस्तूचा आकार न दाखविता केवळ रंग व रेषा यांतून भाव प्रकट करणे, यास अमूर्त चित्रकला म्हणतात. सय्यद हैदर रझा यांचा जन्म 1922 साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे झाला. वडील वनखात्यात असल्याने त्यांचे बालपण अरण्यात गेले. रात्रीच्या अरण्याचे भय व ओढ आपल्या मनातून कधी गेली नाही, असे ते स्वतः सांगत. नागपूर व मुंबई येथे शिकून ते 1950 साली पॅरिसला गेले. पुढे ‘ला तेर’, म्हणजे ‘भूमी’, या नावाच्या त्यांच्या चित्रांत झाड वा पशू ओळखू येत नाही; काळोखातून तांबडा-पिवळा रंग उसळतो, इतकेच. बालपणीच्या भयास असे रूप मिळावयास कित्येक वर्षे लागली.

ऑस्ट्रेलियातील चित्रकार फ्रेड विल्यम्स यांच्या घराजवळ 1968 साली वणवा येऊन ठेपला. त्यानंतर त्यांनी वणव्याची चित्रमालिका रंगविली. ती सर्वस्वी अमूर्त नव्हे. तथापि तीत झाडांचे केवळ ठिपके व फटकारे उरले आहेत.

कोणी म्हणेल, यामुळे मुले रेखाटन टाळतील व फरकाट्यांस कला म्हणू लागतील. हा आक्षेप रास्त आहे. रझांनी आधी हात घटविला होता, हे विसरता येत नाही. म्हणून वस्तुचित्राचा तास अवश्य चालावा. परंतु वर्षातून काही तास असे असावेत की, ज्यांत गुण नाहीत, विषय नाही आणि “हे काय काढलेस?” हा प्रश्नही नाही. मूल आपण होऊन बोलले तर ऐकावे. न बोलले तर खोदून विचारू नये. त्याला विचारल्यावाचून ते चित्र प्रदर्शनात टांगू नये.

रंगाने वणवा विझत नाही. त्यासाठी वेळीच जाळरेषा काढावी लागते व रानात आग न लावण्याची शिस्त पाळावी लागते. पण आग विझल्यावर मनात जे धुमसत राहते, त्यास वाट करून देणे शाळेच्या हाती आहे. ज्याचे जळते त्यालाच कळते, ही म्हण खरी. तथापि ज्याचे जळले त्याने ते रंगांत मांडले, तर जवळ उभे राहून पाहणाऱ्यासही थोडे कळू शकते.