हायब्रिड, डिझेल की साधी पेट्रोल? आधी ‘फरकाचा हप्ता’ काढा



संध्याकाळी सहानंतर हिंजवडीच्या शिवाजी चौकात दहा मिनिटं उभे राहा. फेज तीनकडून, मारुंजीकडून आणि वाकडकडून आलेल्या गाड्या इंचाइंचाने पुढे सरकत असतात. इंजिन चालू, क्लच अर्धा दाबलेला आणि पेट्रोल जळतंय. अशा वेळी शेजारून एखादी हायब्रिड गाडी आवाज न करता पुढे सरकली की मनात येतंच, ‘आपण हीच घ्यायला पाहिजे होती.’

बॅचमध्ये हा प्रश्न हल्ली दर आठवड्याला येतो. ‘सर, नोकरी सोडून धंदा सुरू करतोय, गाडी लागणार आहे. हायब्रिड घेऊ का? डिझेल बरी का? की साधी पेट्रोल?’

माझं मत आधीच सांगतो. हायब्रिडचं तंत्र चांगलं आहे आणि हिंजवडीच्या गर्दीसाठी तर फारच चांगलं. पण धंदा नुकता सुरू करणाऱ्या बहुतेकांनी पहिली गाडी म्हणून ती घेऊ नये. आणि ज्याची गाडी रोज याच गर्दीत फिरणार आहे, त्याने डिझेलचा विचार तर मुळीच करू नये. आता यामागचा हिशोब बघा. पटला नाही तर तुमचे आकडे टाकून मला खोटं ठरवा.

आधी नाव नीट वाचा

‘हायब्रिड’ या शब्दाखाली दोन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली माइल्ड हायब्रिड. यात छोटी बॅटरी इंजिनला थोडा हातभार लावते, पण गाडी फक्त बॅटरीवर चालत नाही. दुसरी स्ट्राँग हायब्रिड. ही कमी वेगात इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवर चालते आणि ब्रेक दाबला की वाया जाणारी ताकद परत बॅटरीत भरते. तिला चार्जर लावावा लागत नाही, पंपावर पेट्रोलच भरायचं.

मागच्या दारावर ‘हायब्रिड’ लिहिलंय म्हणून सगळ्या सारख्या नसतात. मारुतीच्या ग्रँड विटाराचंच बघा. एकाच गाडीत कंपनीचे आकडे असे आहेत : माइल्ड हायब्रिड मॅन्युअल २१.११, स्ट्राँग हायब्रिड २७.९७ किलोमीटर प्रति लिटर आणि सीएनजी २६.६ किलोमीटर प्रति किलो. केंद्र सरकारनेही २०१७ मध्ये माइल्ड हायब्रिडला मिळणारं अनुदान बंद केलं होतं. म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न विचारा, ‘ही नुसत्या बॅटरीवर चालते का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर तिला साधी पेट्रोल गाडी समजूनच भाव करा. यापुढे मी हायब्रिड म्हणेन तेव्हा स्ट्राँग हायब्रिड समजा.

फरकाचा हप्ता म्हणजे काय?

‘महिन्याला पेट्रोल किती वाचेल?’ हा प्रश्न अर्धाच आहे. पूर्ण प्रश्न असा : जास्तीच्या किमतीवर जो जास्तीचा हप्ता बसतो, तो पेट्रोलच्या बचतीतून निघतो का?

समजा हायब्रिड आणि त्याच गाडीच्या ऑटोमॅटिक पेट्रोलमध्ये ऑन-रोड ३ लाखांचा फरक आहे. ५ वर्षांचं कर्ज ९.५ टक्क्यांनी घेतलं, तर लाखाला साधारण २,१०० रुपये हप्ता पडतो. म्हणजे फरकाचा हप्ता झाला महिन्याला ६,३०० रुपये.

आता इंधन. सोयीसाठी पेट्रोल १०४, डिझेल ९१ आणि सीएनजी ९२ रुपये धरू. ॲव्हरेज कंपनीचं नको, भूमकर चौकातलं धरू. माझा अंदाज : पेट्रोल १२, हायब्रिड २०, डिझेल १३, सीएनजी १८. मग गर्दीत एका किलोमीटरचा खर्च असा येतो :

- पेट्रोल : ८ रुपये ६७ पैसे
- डिझेल : ७ रुपये
- हायब्रिड : ५ रुपये २० पैसे
- सीएनजी : ५ रुपये ११ पैसे

पेट्रोलपेक्षा हायब्रिड किलोमीटरला ३ रुपये ४७ पैसे वाचवते. ६,३०० भागिले ३.४७, उत्तर आलं साधारण १,८०० किलोमीटर. महिन्याला गर्दीतलं रनिंग यापेक्षा कमी असेल, तर वाचलेलं पेट्रोल दिसेल, पण त्याचे पैसे तुम्ही हप्त्यातून आधीच भरलेले असतील. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोजचे ७० किलोमीटर झाले. रोज हिंजवडी ते खराडी जाऊन-येऊन वर दोन-चार ठिकाणी भेटी असतील तरच एवढं होतं. वाकड, बाणेर, मान या पट्ट्यात काम करणाऱ्याचं होत नाही.

आता तीच गाडी एक्स्प्रेस-वेवर काढा. एकसारख्या वेगात इंजिन बहुतेक वेळ चालूच राहतं, ब्रेक कमी लागतो, त्यामुळे बॅटरीला कामच कमी मिळतं. पेट्रोल १७ आणि हायब्रिड २१ धरलं, तर बचत किलोमीटरला फक्त १ रुपया १७ पैसे. तेच ६,३०० रुपये वसूल करायला महिन्याला जवळजवळ ५,४०० किलोमीटर पळावं लागेल. गाडी तीच, हप्ता तोच, फक्त रस्ता बदलला. म्हणून ‘हायब्रिड परवडते का?’ याला एकच उत्तर नाही. तुमचे किलोमीटर कुठल्या रस्त्यावर होतात, त्यावर उत्तर ठरतं.

डिझेलचं काय?

इथे मी स्वतः हात पोळून घेतलेत. काही वर्षांपूर्वी ‘धंदेवाला माणूस, डिझेलच पाहिजे’ म्हणत मी डिझेल एसयूव्ही घेतली. रनिंग महिन्याला जेमतेम ७००-८०० किलोमीटर, तेही वाकड ते हिंजवडी. सहा-सात महिन्यांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मेकॅनिक म्हणाला, ‘साहेब, गाडी लोणावळ्यापर्यंत एकदा पळवून आणा.’

गाडीत दोष नव्हता, निवड चुकली होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि त्यासाठी डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, बसली. ही जाळी साफ व्हायला धूर चांगला तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. रोजचा प्रवास छोटा आणि रांगत-रांगत असेल तर काजळी साचत जाते. मी गाडीला ‘फिरायला नेण्यासाठी’ डिझेल जाळत होतो. वर महाराष्ट्रात खासगी डिझेल गाडीचा रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त, तो वेगळाच.

पण डिझेल मेलेलं नाही. कोल्हापूर, नाशिक, मुंबई विमानतळ अशा लांबच्या ट्रिपा असतील, सात माणसं आणि सामान घेऊन घाट चढायचा असेल, तर मोठ्या गाडीत डिझेल अजूनही कामाचं आहे.

टॅक्सने गणित बदललं

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, हे जुने व्हिडिओ बघून निर्णय घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा. आधी मोठ्या हायब्रिडवर सेससकट ४३ टक्के आणि मोठ्या डिझेल एसयूव्हीवर ५० टक्के कर होता. आता दोन्हींवर ४० टक्के. म्हणजे हायब्रिडला डिझेलपेक्षा जी ७ टक्क्यांची सवलत होती, ती संपली.

दुसरीकडे चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्या २९ वरून १८ टक्क्यांवर आल्या. मोठी हायब्रिड आणि छोटी सीएनजी यांच्या करातलं अंतर १४ टक्के होतं, ते २२ झालं. नव्या धंदेवाल्याला सरकारने छोट्या गाडीकडे ढकललंय असंच मला यातून दिसतं.

आणि एक. ‘कंपनीच्या नावावर घेऊ, जीएसटी परत मिळेल’ असं कोणी सांगितलं तर थांबा. स्वतःच्या वापराच्या कारवर इनपुट क्रेडिट मिळत नाही. प्रवासी वाहतूक, ड्रायव्हिंग स्कूल अशा मोजक्या धंद्यांनाच मिळू शकतं, आणि तेही तुम्ही कोणत्या दराने जीएसटी भरता त्यावर अवलंबून. आयकरात घसाराही साध्या कारला १५ टक्के आणि भाड्याने चालवायच्या गाडीला ३० टक्के असतो. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर रोड टॅक्सही २० टक्क्यांपर्यंत जातो. गाडी कोणाच्या नावावर घ्यायची, हे बुकिंगच्या आधी सीएला विचारा, नंतर नाही.

मग कोणी काय घ्यावं?

कर्मचारी ने-आण किंवा कॅबचा धंदा करणार असाल, तर पिवळी पाटी आणि सीएनजी. किलोमीटरचा खर्च हायब्रिडएवढाच येतो आणि गाडी कितीतरी स्वस्त पडते. गॅसच्या रांगेतला वेळ आणि डिकीत बसलेली टाकी ही तिची किंमत आहे, ती हिशोबात धरा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवायचा शहाणपणा करू नका. अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते आणि सगळा धंदा एका दिवसात बसतो.

लांबच्या टूर करणार असाल, तर मोठी डिझेल. तीही कॉन्ट्रॅक्ट हातात आल्यावर.

सल्लागार, विमा, इंटिरियर, मशीन सर्व्हिसिंग असा धंदा आहे, दिवसभर शहरातच फिरता, महिन्याला १,८०० किलोमीटरच्या वर गर्दीत जातात आणि ऑटोमॅटिक तर हवीच आहे, तर हायब्रिड घ्या, बिनधास्त घ्या. ती तुमच्यासाठीच बनली आहे. फक्त दोन गोष्टी तपासा. बॅटरीमुळे डिकी लहान होते, तुमचं सामान मावतं का बघा. दुसरं, वॉरंटी. टोयोटा आणि मारुती हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात, यातलं जे आधी संपेल ते. महिन्याला ४,००० किलोमीटर पळवलीत तर वॉरंटी ३ वर्षं ४ महिन्यांत संपेल आणि हप्ते आणखी २० महिने चालू राहतील. व्यावसायिक वापराला वॉरंटी कशी लागू होते, हे शोरूमकडून लेखी घ्या.

आणि ज्याचं अजून काहीच ठरलेलं नाही, महिन्याला ५००-६०० किलोमीटर होतील असा अंदाज आहे, त्याने साधी पेट्रोल घ्यावी. सेकंडहँड मिळाली तर अजून बरं. पहिले सहा महिने भाड्याची गाडी वापरलीत तरी कमीपणा नाही.

तीन लाख कुठे जास्त कमावतील?

खरा मुद्दा शेवटी ठेवला होता. नवा धंदा गाडीचं ॲव्हरेज कमी आहे म्हणून बुडत नाही. गिऱ्हाईकाचं पेमेंट दोन महिने अडकतं, हातात खेळतं भांडवल नसतं, आणि तरी पाच तारखेला हप्ता कापला जातो, तिथे धंदा बुडतो. तेच तीन लाख म्हणजे दोन पोरांचा पाच-सहा महिन्यांचा पगार, किंवा पहिल्या ऑर्डरचा कच्चा माल. गिऱ्हाईकाला वेळेवर माल पाहिजे असतो. तुम्ही कशातून उतरलात हे तो एकदाच बघतो.

लोक म्हणतात, ‘सर, पुढे सगळं हायब्रिड आणि इलेक्ट्रिकच होणार.’ होईलही. टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ ला छत्रपती संभाजीनगरमधल्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला, तो याच गाड्यांसाठी. पण त्याचा अर्थ पर्याय वाढतील असा आहे. आजच घेतली पाहिजे असा नाही. कारखानदार दहा वर्षांचा विचार करून पैसे घालतो, तुम्हाला पुढचे बारा महिने काढायचे आहेत.

तर आजचा गृहपाठ. एक वही घ्या. पुढचे ३० दिवस रोजचे किलोमीटर लिहा, दोन रकान्यांत : गर्दीतले आणि मोकळ्या रस्त्यावरचे. मग दोन शोरूममधून ऑन-रोड कोटेशन आणा, फरक काढा, फरकाचा हप्ता काढा आणि किलोमीटरमागच्या बचतीने भागा. उत्तर तुमच्या वहीतल्या किलोमीटरपेक्षा कमी आलं तर हायब्रिड बुक करा. जास्त आलं तर चाव्यांबरोबरचा फोटो वर्षभर पुढे ढकला आणि ते पैसे धंद्यात घाला.

भेटू पुढच्या व्हिडिओत. वही भरूनच या.