वर्गमूळाचं छत कीबोर्डवर कसं घालायचं?

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी आली आणि शिकवण्या एका रात्रीत पडद्यावर गेल्या. समजा, रायपूरच्या तात्यापाऱ्यात एक मराठी मास्तर दहावी-बारावीचं गणित शिकवतात. इतिहासाच्या मास्तरांचं बोलून भागलं. पंचाईत झाली ती यांची! हाती खडू असला, की अपूर्णांकाखाली अपूर्णांक आणि त्यावर वर्गमूळाचं छत चुटकीसरशी फळ्यावर उतरतं. कीबोर्डवर तेच करायचं तर मेनू उघडा, चौकट निवडा, बाण दाबत नेमक्या घरात शिरा. तोवर मुलांचं लक्ष उडालेलं.

हाताने लिहिलेलं गणित संगणकाने वाचावं, ही धडपड जुनी आहे. हार्वर्ड विद्यापीठात रॉबर्ट अँडरसन यांनी १९६८ साली त्यावर प्रबंध लिहिला होता. सर्वसामान्यांच्या संगणकावर ही सोय आली २००९ मध्ये, विंडोज ७ मधल्या मॅथ इनपुट पॅनेलच्या रूपाने. पेनने किंवा माउसने लिहा, छापील समीकरण तयार!

ऐकायला झकास, पण गोम वेगळीच आहे. पत्रातली अक्षरं मुकाट एका ओळीत चालतात. गणितात चिन्ह कोणतं याइतकंच ते कुठे बसलंय यालाही महत्त्व. एक्सच्या डोक्यावरचा दोन म्हणजे वर्ग. तोच पायाशी घसरला, की नुसता क्रमांक. एक्स आणि गुणाकाराची फुली तर जुळ्या बहिणी. त्यात मास्तर मराठी शाळेत शिकलेले. सवयीने देवनागरी १ लिहून गेले, की संगणकाला तो इंग्रजी नऊ वाटणार, आणि ४ दिसणार आठासारखा. तेवढी चूक नजरेतून सुटली, तर अख्खा वर्ग चुकीचं गणित उतरवून घेणार.

एकेक चिन्ह लिहून लगेच दुरुस्त करत बसू नये, हे इथे लक्षात ठेवायचं. समीकरण पुरतं लिहावं. पुढचा भाग दिसला, की आधीचं चिन्ह संगणक पुष्कळदा आपणच सुधारतो. तरीही चुकलं, तर त्या चिन्हाभोवती गोल काढून यादीतून योग्य चिन्ह निवडायचं. मगच मजकुरात घालायचं.

एवढा खटाटोप कोणी करावा? २०२० मध्ये पुण्यातल्या रसायनशास्त्राच्या एका शिक्षिकेने कपड्यांच्या हँगरला मोबाइल बांधला, त्याचा कॅमेरा फळ्याकडे वळवला आणि हाती सरळ खडू घेतला. तो फोटो देशभर फिरला.