लष्करी हॉस्पिटलला ‘रेटिंग’ कोण देतं?

आपण स्टार बघून जेवण मागवतो. पण सैनिकाला हॉस्पिटल निवडायची फारशी मुभाच नसते, मग तिथली क्वालिटी तपासणार कोण? अमेरिकेत हे काम प्रामुख्याने जॉइंट कमिशन ही बाहेरची संस्था करते. साधारण तीन वर्षांतून एकदा तिची टीम न कळवता येऊन धडकते. एखादा पेशंट निवडायचा आणि ॲडमिशनपासून त्याचा माग काढायचा: औषध कुणी तपासलं, हात धुतले का, नोंद कुठे आहे?

तरीही नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. २०१४ मध्ये संरक्षणमंत्री चक हेगल यांनी ९० दिवसांत सगळ्या लष्करी आरोग्यसेवेचा आढावा घ्यायला लावला. सरासरी दर्जा बाहेरच्या हॉस्पिटल्सइतकाच निघाला, पण हॉस्पिटलागणिक फरक मोठा होता.

पुढे सगळीकडे एकच डिजिटल रेकॉर्ड आलं, ‘एमएचएस जेनेसिस’. सुरुवात २०१७ मध्ये फेअरचाइल्ड हवाई तळावर झाली, शेवटचं हॉस्पिटल जोडलं गेलं मार्च २०२४ मध्ये. (मधे २०१८ ला संरक्षण खात्याच्याच चाचणी विभागाने सिस्टम नापास केली होती!) आता दोन हॉस्पिटल्सचे आकडे शेजारी ठेवता येतात. पण आकडा बघून काम बदलणारा माणूस लागतो, आणि लष्करात कमांडर दोन-तीन वर्षांत बदलून जातो. त्याने सुरू केलेली सुधारणा पुढच्याने चालवलीच पाहिजे असं थोडंच आहे? म्हणून मला वाटतं, क्वालिटी टीमची सूत्रं सिव्हिलियन कर्मचाऱ्यांकडे हवीत. त्यांची अशी बदली होत नाही.