तळवड्यात गुन्हे किती, हा अर्धाच प्रश्न

कोयते नाचवत गाड्यांच्या काचा फोडल्याचा एखादा व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागला की तळवडे, रूपीनगर, त्रिवेणीनगर, चिखली हा सगळा पट्टा दोन दिवस 'गुन्हेगारांचा अड्डा' होतो. मग कोणीतरी आकडे दाखवतं की गुन्हे कमी झालेत. खरं काय, असं आपल्या वस्तीतली मुलं विचारतात. आकडा खरा की खोटा हे ठरवण्याआधी तो तयार कसा होतो ते पाहायला हवं.

तळवडे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. घरपट्टी शहराची सुरू झाली, पण आयटी पार्कच्या भागाला पोलीस मात्र ग्रामीणचेच राहिले. देहूरोड ठाणं तेव्हा पुणे ग्रामीणकडे होतं. कंपन्या आल्या, भाड्याच्या खोल्या आल्या, चाकणकडे जाणाऱ्या ट्रकची रांग लागली, तरी बंदोबस्त गावच्या हिशेबानेच. पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं १५ ऑगस्ट २०१८ ला, म्हणजे महापालिकेत आल्यावर तब्बल एकवीस वर्षांनी. पुणे शहराची काही ठाणी आणि ग्रामीणची देहूरोड, चाकण, आळंदीसारखी ठाणी त्यात एकत्र केली गेली. त्यामुळे २०१८ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून 'गुन्हे वाढले' किंवा 'घटले' असं कोणी सांगत असेल, तर हद्द तीच आहे का, एवढं त्याला विचारा.

या एकवीस वर्षांत काय झालं त्याचं एक उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २३ डिसेंबर २०१६ ला रात्री आठच्या सुमारास कंपनीतून निघालेल्या २३ वर्षांच्या अभियंता मुलीवर तळवड्यात रस्त्यावरच चाकूने वार झाले. एका वाटसरूने तिला दवाखान्यात नेलं, पण ती वाचली नाही. तिला आधीपासून त्रास देणाऱ्या, बेंगळुरूच्या ओळखीच्या तरुणाला संशयावरून अटक झाली. चर्चा मात्र अंधाऱ्या रस्त्याची आणि दिव्यांची जास्त झाली. दिवे हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण पाठलाग हा २०१३ पासून कायद्याने गुन्हा आहे. त्याची तक्रार पहिल्या दिवशी घेतली जाते की 'मोबाइल नंबर बदल' म्हणून मुलीला घरी पाठवलं जातं, हा प्रश्न दिव्याच्या खांबापेक्षा मोठा आहे.

गुन्ह्यांचा दर काढतात तो एक लाख लोकसंख्येमागे. आपल्याकडे शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा महापालिकेची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती. त्यानंतर बीड, लातूर, नांदेड, बुलढाणा, बिहार, उत्तर प्रदेश इथून किती माणसं या पट्ट्यात आली ते कोणीच मोजलेलं नाही. चालतो तो अंदाज. राष्ट्रीय अहवालात वीस लाखांवरच्या महानगरांचा जो तक्ता येतो, त्यात पुणे आहे, पिंपरी-चिंचवड नाही. तळवड्यासारख्या एका भागाचा 'दर' त्यातून काढणं म्हणजे हवेत तीर मारणं.

आणि दर काढला तरी तो गुन्ह्यांचा नसतो, नोंदींचा असतो. खोलीतून मोबाइल चोरीला गेलेला कंत्राटी कामगार ठाण्यात जातच नाही, कारण एक खाडा पडला की पगार कापतात. गेलाच तर 'हरवला' असं लिहून घेतलं जातं आणि तो चोरीच्या आकड्यात येत नाही. नवऱ्याची मारहाण समजुतीवर मिटते. आपल्या समाजाच्या बाबतीत तर हे जास्तच. जातीवरून शिवीगाळ झाली, तर 'साधं भांडण' म्हणून नोंद होते. याच शहरात, पिंपळे सौदागरला, जून २०२० मध्ये प्रेमप्रकरणावरून आपल्या वीस वर्षांच्या मुलाला मारून टाकलं गेलं. तिथे खून होता म्हणून नोंद टळली नाही. त्याच्या आधीच्या पायरीवरच्या धमक्या कोणत्या रकान्यात असतात?

म्हणून नोंदी वाढल्या की घाबरायचं कारण नाही, असं मी कार्यकर्त्यांना सांगते. कधी कधी तो लोकांचा धीर वाढल्याचा पुरावा असतो. काळजी करावी अशी गोष्ट म्हणजे अचानक कमी झालेला आकडा.

आता आपल्या मुलांबद्दल. कोयता हातात घेतलेल्या मुलाचं समर्थन मी करणार नाही. फुटलेली रिक्षा बहुतेक वेळा शेजारच्याच गरिबाची असते. पण पोलिसांनी वस्तीतून धिंड काढल्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात पोर्शे गाडीने दोघांना चिरडलं. सतरा वर्षांच्या त्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. लोक चिडले तेव्हा चक्रं फिरली. बाल न्याय कायदा २०१५ चा, दोघांसाठी एकच. अल्पवयीन मुलाची ओळख उघड करायची नाही, हे त्याच्या कलम ७४ मध्ये आहे. वस्तीतल्या पोराचा चेहरा मात्र व्हॉट्सअॅपवर फिरतो, आणि दोन वर्षांनी तो चाकणला कंपनीत कामाला गेला की चारित्र्य पडताळणीत अडकतो. मग परत कट्टा. 'गुन्हेगारी वस्ती' हे लेबल असं खरं होत जातं.

आणि एक, जे गुन्ह्यांच्या चर्चेत येतच नाही. ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यातच, केकवर लावायच्या फुलझडीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्यात आग लागली. त्या दिवशी सहा जणांचा जीव गेला, पुढे उपचारादरम्यान आणखी काहींचा. काम करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. गुन्हा दाखल झाला, पण माणसं गेल्यावर. खुनाच्या तक्त्यात हे मृत्यू दिसत नाहीत. प्रेसवर बोटं तुटलेला कामगारही दिसत नाही. तळवड्यातल्या बाईला कोयतेवाल्या पोरापेक्षा पत्र्याच्या शेडचा धोका कमी आहे, असं छातीठोकपणे कोण सांगेल?

विहारात रविवारी जमणाऱ्या गटांनी दोन कामं हाती घ्यावीत. माहिती अधिकारात आपल्या ठाण्याची महिनावार माहिती मागा: किती तक्रारअर्ज आले, त्यातले किती एफआयआर झाले, किती अदखलपात्र म्हणून सोडले. ललिता कुमारी प्रकरणात २०१३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर बंधनकारक. अॅट्रॉसिटीच्या तक्रारीत तर कलम १८-अ नुसार प्राथमिक चौकशीचीही अट नाही, आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर कलम ४ आहे. दुसरं, जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. मागच्या चार बैठकांचं इतिवृत्त मागून घ्या. अर्जाला दहा रुपये लागतात.