सण पुढे ढकलता येतो, केमो नाही

गणपती तोंडावर आलेत, मंडळांच्या बैठका सुरू झाल्यात, म्हणून आत्ताच लिहितोय. नंतर कुणी वाचणार नाही.

आपल्या परळमध्ये टाटाच्या आजूबाजूच्या फूटपाथवर फाइली छातीशी धरून बसलेली माणसं बारा महिने दिसतात. बिहार, बंगाल, आसामची असतात, तशी नेपाळ आणि बांगलादेशातलीही असतात. आपण सगळ्यांना मिळून ‘बाहेरगावचे पेशंट’ म्हणतो. पण यातल्या काहींसाठी परळ म्हणजे परदेश आहे. नेपाळवाल्यांना निदान व्हिसा लागत नाही. बांगलादेशातून येणाऱ्याला मेडिकल व्हिसा लागतो, सोबत मोजक्याच माणसांना परवानगी मिळते, आणि ऑगस्ट २०२४ नंतर तर व्हिसा मिळणंच अवघड झालं होतं. म्हणजे मुलं घरी, म्हातारे घरी, सण घरी. आणि आजारी माणूस इथे, भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत.

एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने १९३१ मध्ये वेल्समधल्या एका नर्सिंग होममध्ये गेल्या. तेव्हा या आजारासाठी परदेश गाठणं टाटांसारख्यांनाच जमायचं. पुढे १९४१ मध्ये परळला हे हॉस्पिटल उभं राहिलं. आज सिल्हेटच्या शेतकऱ्यासाठी तेच ‘परदेशातलं मोठं हॉस्पिटल’ आहे. तेव्हा यजमान आपण आहोत, हे जरा लक्षात असू द्या.

आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरची एक खोली पेशंटना दिली जाते. गेल्या वर्षी रमजानमध्ये तिथे एक बांगलादेशी बाई होत्या, सोबत धाकटा भाऊ. स्तनाचा कर्करोग, केमो चालू. आणि बाई रोजे धरत होत्या. मार्चचा उकाडा, उलट्या, आणि दिवसभर पाण्याचा थेंब नाही. डॉक्टर रागावले. भाऊ हातापाया पडला. माझी आई मोडक्या हिंदीत ‘बाई, पाणी तरी घे’ म्हणून रोज दारात उभी. काही उपयोग नाही. त्यांचं म्हणणं एकच, आयुष्यात एक रोजा चुकला नाही आणि आता अल्लाहची गरज असताना चुकवू?

शेवटी भावाने गावच्या मशिदीतल्या इमामांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी समजावलं की कुराणातच (दुसरा अध्याय, आयत १८५) आजारी आणि प्रवासी माणसाला सूट आहे, राहिलेले दिवस नंतर भरून काढता येतात. आणि बाई तर आजारीही होत्या आणि प्रवासातही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा घेतला.

डॉक्टरांचं ऐकलं नाही, इमामांचं ऐकलं. यावर हसणारे लोक मला भेटलेत. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. श्रद्धेची गाठ श्रद्धेतल्या माणसानेच सोडवावी लागते. मौलवी असोत, गुरुजी असोत की आमचे कीर्तनकार, हे त्यांनी आपणहून बोलायला हवं. कारण आपल्याकडे काय वेगळं आहे? हरतालिकेला केमोतही निर्जळी करणाऱ्या बाया मी आमच्याच नात्यात बघितल्यात. आणि ‘नको करू’ म्हणायला घरात कुणाची जीभ उचलत नाही.

गंमत बघा. सुतक आलं की आपण त्या वर्षी गणपती आणत नाही, किंवा दुसऱ्याच्या हातून पूजा करून घेतो. घरात कुणी गेलं की दिवाळीचा फराळ करत नाही, शेजारी आणून देतात. कुणी विचारत नाही की परंपरा का मोडली, कारण हीच परंपरा आहे. मेलेल्या माणसासाठी सण बाजूला ठेवायची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली. जगण्यासाठी धडपडणाऱ्यासाठी ती वापरायला आपल्याला लाज का वाटते?

त्यात घरच्यांचे फोन. ‘ईदला चार दिवस येऊन जा’, ‘दशैंला टिका लावायला तरी ये’. प्रेमाने म्हणतात, मान्य. पण रेडिएशन साधारण आठवड्याचे पाच दिवस, कित्येक आठवडे सलग चालतं, आणि मध्ये खंड पडला तर परिणाम कमी होतो. केमोनंतर आठवडा-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी खाली येतात. तेव्हा गर्दी नको, कापून ठेवलेली फळं नकोत, आणि १००.४ ताप आला तरी धावत हॉस्पिटल गाठायचं. सीमेपलीकडच्या खेड्यात रात्री दोन वाजता कुठे धावणार? २०२५ ला ३० मार्चला पाडवा होता आणि ३१ ला ईद. पाडव्याला आईने त्या बाईंना गरम पुऱ्या आणि बटाट्याची भाजी दिली, श्रीखंड मुद्दाम दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलांशी फोनवर तासभर बोलल्या. धाकटीने नवा फ्रॉक दाखवला. मग दार लावून घेतलं, ते संध्याकाळीच उघडलं. अशा माणसाला ‘सणालाही आली नाहीस’ असं ऐकवू नये, एवढंच मागणं आहे.

आता आपलं. सणाला वॉर्डात फळं वाटून फोटो काढणं बंद करा, असं मी म्हणणार नाही, पण त्याने फारसं काही होत नाही. खरी अडचण रक्ताची असते. सणासुदीत आणि मे महिन्यात रक्तदाते आटतात. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात. अनेक ठिकाणी अजूनही नातेवाइकांना ‘डोनर आणा’ सांगतात. ढाक्याहून एका भावासोबत आलेली बाई चार डोनर कुठून आणणार? त्यामुळे मंडळांनी एकाच दिवशी बॅनर लावून शेकडो बाटल्यांचा विक्रम करण्यापेक्षा थोडे थोडे दाते दर आठवड्याला पाठवावेत, खास करून विसर्जनानंतर, जेव्हा सगळे दमून झोपलेले असतात.

दुसरं, आवाज. हॉस्पिटलपासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, हा नियम २००० सालचा आहे. तिथे ढोल बंद ठेवून पुढे जाऊन वाजवा, बाप्पा थांबतील. आणि अँब्युलन्सची वाट कार्यकर्त्यांनी रिकामी ठेवायची, पोलिसांची वाट बघत बसायची नाही.

तिसरं खोलीवाल्यांसाठी. परदेशी पेशंट ठेवला तर २४ तासांत ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. त्या भीतीने बरेच जण नाही म्हणतात, किंवा दुप्पट भाडं मागतात. फॉर्म भरणं काही फार मोठं काम नाही. कुणाला जमत नसेल तर माझ्याकडे या, मी भरून देतो.

रविवारी आमच्या मंडळाची बैठक आहे. रक्तदात्यांची वही आणि ढोल कुठे थांबवायचा, हे दोन्ही विषय मी मांडणार आहे. विरोध होईल, विशेषतः ढोलाच्या बाबतीत. परळ, लालबाग, शिवडीतल्या बाकीच्या मंडळांतले जे कुणी हे वाचताय, तुमच्याकडे काय ठरलं ते खाली लिहा.