मशीद बंदरची 'मशीद' आणि आपले विहार



मशीद बंदर स्टेशनावर रोज हजारो कष्टकरी उतरतात. गोदी, गोदामे, मसाल्याचा बाजार, हमालीची कामे, या सगळ्यांत आपले कितीतरी बांधव वर्षानुवर्षे राबत आले आहेत. पण स्टेशनाच्या नावातली मशीद कोणती, असे विचारले तर पुष्कळांना उत्तर देता येणार नाही. जवळच सॅम्युअल स्ट्रीटवर ज्यू लोकांचे जुने प्रार्थनास्थळ आहे. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, आपल्या सिनेगॉगला पूर्वी 'मशीद'च म्हणत. त्या जुन्या मशिदीवरून स्टेशनाला नाव पडले, असे सांगतात. १७९६ साली सॅम्युअल दिवेकर यांनी ती बांधली. दिवेकर कंपनी सरकारच्या सैन्यात अधिकारी होते. त्याच सैन्यात आपले महार पूर्वजही होते.

या आठवड्यात आम्ही या समाजाविषयी लिहीत आहोत, ते केवळ माहितीसाठी नव्हे. मूठभर माणसे आपले धर्मस्थळ वर्षभर जिवंत कसे ठेवतात, हे आपण पाहावे, एवढाच हेतू. (इस्राएल देशाचे राजकारण हा अगदी वेगळा विषय आहे, त्याच्याशी या लेखाचा संबंध नाही.)

बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पुढे ते कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. पेणचे ते पेणकर, किहीमचे ते किहीमकर, चौलचे ते चेऊलकर. सिनेमातले सुप्रसिद्ध चरित्र-अभिनेते डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झालेल्या आणि १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड याही याच समाजातल्या. घरची भाषा मराठी, बायकांची लुगडी आपल्यासारखी आणि सणांची नावेही मराठी: नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण.

आता त्यांच्या सिनेगॉगमध्ये काय चालते ते पाहा. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ सुरू होतो, तो शनिवारी रात्रीपर्यंत. हे दर आठवड्याला ठरलेले. त्याला पत्रिका लागत नाही की लाऊडस्पीकर. पावसाळ्यानंतर सुक्कोथ येतो, तेव्हा आवारात झावळ्यांचा मांडव घालतात आणि त्याला फळे टांगतात. सिम्हाथ तोरा या दिवशी हस्तलिखित धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या हातात घेऊन आबालवृद्ध गात-नाचत फेऱ्या घालतात. हनुक्काला आठ दिवस रोज एकेक दिवा वाढवत लावतात. पुरीमला एस्थेर राणीची गोष्ट वाचतात आणि दुष्ट हामानचे नाव आले की पोरे धिंगाणा घालून ते नाव ऐकूच येऊ देत नाहीत. पोरांना देवळात दंगा करायची परवानगी, तीही धर्मानेच दिलेली! मग ते पोर ती गोष्ट जन्मभर विसरेल काय?

आणि मलिदा. भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, सुका मेवा आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू प्रेषिताच्या नावाने प्रार्थना म्हणतात व सर्वांना वाटतात. लग्न असो, नवस असो, घरातले कुणी आजारातून उठलेले असो, मलिदा ठरलेला. तो फार खर्चाचा नाही. गरिबाच्या घरीही होतो.

सिनेगॉगचा कारभार पाहणाऱ्याला त्यांच्यात 'मुकादम' म्हणत आले आहेत. मिल आणि गोदीतला मुकादम आपल्याला चांगला ठाऊक आहे. हा मुकादम मात्र समाजाचा.

आम्हांला सर्वांत विचार करायला लावणारी त्यांची रीत पुढेच आहे. सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. नऊ आले तर प्रार्थनेचे काही भाग म्हणताच येत नाहीत. १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वीस-पंचवीस हजार ज्यू होते, आज पाचेक हजार उरले असतील. कोकणातल्या गावोगावच्या सिनेगॉगांत दहा माणसे जमवणे कठीण होऊन बसले. तिथे प्रत्येक माणूस मोजला जातो. 'मी नाही गेलो तर काय बिघडते?' असे म्हणायची सोयच नाही. हजारोंच्या आपल्या वस्तीत हे वाक्य किती सहज म्हटले जाते!

प्रबोधनाची त्यांची युक्तीही आपल्या ओळखीची वाटेल. १८८० च्या सुमारास मुंबईत त्यांनी कीर्तने सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे मराठी पदांत बांधली आणि पेटीच्या साथीवर गायली. बेंजामिन शिमशोन आष्टमकर हे त्यांतले नावाजलेले नाव. हिब्रू न समजणाऱ्या आयाबायांना आपला धर्म मराठीत कळला. पुढे १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांनी तमाशाचा साचा घेऊन आंबेडकरी जलसा उभा केला आणि बाबासाहेबांचा विचार वाडीवस्तीवर नेला, तो मार्ग याच जातीचा. साचा लोकांच्या सवयीचा, आशय आपला. इस्राएलला गेलेल्यांनीही मराठी सोडली नाही. तिथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी वर्षानुवर्षे चालवले.

परंतु सगळेच गोड आहे असे समजू नये. जातीचे विष या समाजातही भिनले होते. त्यांच्यात 'गोरे' आणि 'काळे' असे भेद पडले. काळ्यांशी सोयरीक नाही, पंगतीला बरोबरी नाही. कोचीनला मट्टनचेरीच्या १५६८ सालच्या परदेशी सिनेगॉगमध्ये मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना बरोबरीने बसू देत नसत. त्यांच्यातलेच एक वकील, ए. बी. सालेम, यांनी सिनेगॉगच्या आतच सत्याग्रह केला आणि हळूहळू तो भेद मोडला. ज्या काळात आपण काळाराम मंदिराच्या दाराशी उभे होतो, त्याच काळातली ही गोष्ट.

पुढे इस्राएलमध्येही बेने इस्राएलांच्या वाट्याला अपमान आला. १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांच्या बाबतीत वंशाची चौकशी करण्याचे फर्मान काढले. 'तुमची आजी कोण, पणजी कोण?' असल्या प्रश्नांचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्यांनी निदर्शने केली, ठिय्या दिला आणि १९६४ साली तिथल्या संसदेला ते सर्व बाबतींत समान आहेत असे जाहीर करावे लागले. पाचेक हजारांच्या या समाजाने इथेही आपला हक्क सोडला नाही. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

बाबासाहेबांनी अस्पृश्यांवरील आपल्या एका लिखाणाच्या शीर्षकात 'घेट्टो' हा शब्द वापरला आहे. तो शब्द व्हेनिस शहरातला. १५१६ साली तिथल्या ज्यूंना कोंडून ठेवले त्या वस्तीचा. महारवाड्याला दिलेले ते नाव उगाच नव्हते.

आता आपल्या विहाराचा ताळेबंद मांडू या. जमा बाजूला: वर्गणी, दान, कष्टाने बांधलेले सभागृह. खर्च बाजूला: मांडव, रोषणाई, लाऊडस्पीकर. आणि वर्षातले वापराचे दिवस किती? १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर आणि अधूनमधून एखादे लग्न. काही ठिकाणी सुंदर काम चालते, त्यांना आमचे वंदन. परंतु पुष्कळ विहारांच्या कुलपाला गंज चढतो, हेही खरे. दर रविवारी विहारात जा, हे बाबासाहेबांचे सांगणे आपल्याला पाठ आहे, पण पायांना ठाऊक नाही.

त्यांच्याकडून सगळे घ्यावे असे नाही. दहाच्या मोजणीत जुन्या रीतीप्रमाणे स्त्रिया धरत नाहीत आणि त्यांची बसायची जागाही वेगळी असते. आपल्या विहारात तर महिला मंडळ आहे म्हणूनच दिवा लागतो! तेव्हा मोजणी करायची तर आपल्या रीतीने करू: दहा माणसे, त्यांत बाया, बापे आणि पोरे सगळी धरून.

येत्या आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने आहेत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन अनेक ठिकाणी होईल. त्यात तीन गोष्टी करून पाहाव्यात. एक, वाचनाचा वार आणि वेळ ठरवावी व पाऊस पडो, मॅच असो, ती बदलू नये. दोन, दर खेपेस एक पान एखाद्या शाळकरी मुलाने किंवा मुलीने वाचावे. अडखळले तरी चालेल, हसू नये. तीन, वाचन झाल्यावर खिरीची वाटी असावी, आळीपाळीने एकेका घरची. सुजाताने दिलेल्या खिरीची गोष्ट तेव्हा पोरांना वेगळी सांगावी लागणार नाही.

आणि एका वहीत हजेरी लिहावी. नऊच आले तर दहाव्याच्या घरी जाऊन चौकशी करावी. रागवायला नव्हे. तो आजारी आहे, की पाळीवर आहे, की घरात काही अडचण आहे, ते विचारायला. विहार बांधायला आपण पैसे जमवले. आता त्यात माणसे जमवू या.

जयभीम! नमो बुद्धाय!